जुनी जर्मन इलेक्ट्रिक गिटार नीट करायची आहे? सुरुवात कुठून करायची आणि ओरिजिनल पार्ट कसे शोधायचे

जर्मनीत राहणारे आपले मराठी लोक हल्ली बऱ्याचदा विचारतात की फ्लोमार्क्टला म्हणजे जुन्या बाजारात, किंवा क्लाइनअन्त्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर एक जुनी हॉफनर, फ्रामुस नाहीतर कुठलीतरी नाव पुसलेली गिटार स्वस्तात दिसतेय, घ्यावी का, आणि घेतली तर नीट कशी करायची. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतोय. हे नवख्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना सोल्डरिंग थोडंफार येतं, स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येतो आणि मुख्य म्हणजे घाई नाही, अशांसाठी. मी बोलतोय ते साधारण १९५० ते १९७५ च्या काळातल्या गिटारबद्दल.

एक नियम आधीच सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. जे परत फिरवता येणार नाही ते करायचं नाही. नवीन भोक पाडायचं नाही, जुनं भोक मोठं करायचं नाही, पॉलिश घासून काढायची नाही, आणि गिटारमधून निघालेला कुठलाही तुकडा, मग तो गंजलेला स्क्रू का असेना, फेकायचा नाही. झिपची पिशवी, त्यावर मार्करने कुठून काढला ते लिहायचं, सगळ्या पिशव्या एका डब्यात. या गिटारी आता बनत नाहीत, जेवढ्या शिल्लक आहेत तेवढ्याच आहेत, आणि त्यातली प्रत्येक कुणीतरी हौसेने "सुधारताना" कायमची बिघडवू शकतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं म्हणून इतकं ठासून सांगतोय.

आधी गावाबद्दल, कारण पार्टचा पत्ता तिथेच आहे

जर्मन गिटारचा इतिहास पाठ असायची गरज नाही पण एवढं माहीत हवं. शोनबाख नावाचं गाव, आताच्या चेक देशातलं लुबी, तिथे पिढ्यानपिढ्या व्हायोलिन आणि गिटार बनवणारे जर्मन भाषिक कारागीर राहायचे. हॉफनर कंपनी तिथेच १८८७ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या सगळ्यांना तिथून हाकलून दिलं आणि त्यातले खूप जण बव्हेरियात एर्लांगेन शहराच्या आसपास येऊन स्थिरावले. १९४९ मध्ये एर्लांगेनला लागून असलेल्या बुबेनरॉयथ या छोट्या खेड्यात त्यांच्यासाठी वसाहत बांधायला घेतली आणि मूळ गावकऱ्यांपेक्षा कारागीरच जास्त झाले. हॉफनर तिथे आली, क्लिरा तिथलीच, होयर शेजारच्या टेनेनलोहेत, आणि फ्रेड विल्फर यांनी १९४६ मध्ये एर्लांगेनमध्ये सुरू केलेली फ्रामुससुद्धा पुढे बुबेनरॉयथला गेली. एर्लांगेनमध्ये सीमेन्समुळे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यांना सांगतो, एस-बानने बांबेर्गच्या दिशेला पुढचंच स्टेशन बुबेनरॉयथ आहे, तिथे बुबेनरॉयथेउम नावाचं म्युझियम आहे, गिटार घ्यायच्या आधी एकदा जाऊन या. खरी गिटार जवळून बघितली की फोटोतली खोट लगेच कळायला लागते.

हे सगळं सांगायचं कारण असं की या गावात काम वाटून घेतलेलं होतं. कोणी फक्त ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात ती घोडी बनवायचं, कोणी टेलपीस म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायचा धातूचा भाग, कोणी शिंपल्याची नक्षी, आणि ट्यूनर म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, पिकअप म्हणजे तारांचा आवाज विजेत पकडणारा भाग, असा लोखंडी-विजेचा माल न्यूरेम्बर्गजवळच्या शालर कंपनीकडून बऱ्याच जणांकडे जायचा. म्हणजे तुमच्या होयरवरचा टेलपीस हुबेहूब तोच एखाद्या क्लिरावर किंवा नाव नसलेल्या गिटारवरही सापडू शकतो. नवीन माणूस "फ्रामुस टेलपीस" असं टाइप करतो, काही मिळत नाही, आणि मिळालं तर भाव डबल असतो. ब्रँडवर शोधू नका, आकारावर आणि मापावर शोधा. मला या लेखात सांगायची मुख्य गोष्ट खरं तर एवढीच आहे, बाकी सगळं त्याची तयारी.

पूर्व जर्मनीचा माल वेगळा. तो मार्कनॉयकिर्शेन या गावचा, शोनबाखपासून जवळच पण सीमेच्या अलीकडे, आणि तिथली सरकारी कंपनी म्हणजे मुझिमा. त्यांची गिटार स्वस्तात मिळते आणि माझ्या मते अजूनही तिला हवा तेवढा मान मिळत नाही. तिच्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट खाली वायरिंगमध्ये येईल.

पायरी १: ही नक्की कुठली गिटार आहे

हात लावायच्या आधी फोटो. समोरून, मागून, हेडस्टॉक म्हणजे खुंट्यांचं टोक दोन्ही बाजूंनी, नेकचा सांधा, प्रत्येक नॉब, प्रत्येक स्क्रू, बॉडीवरच्या f आकाराच्या भोकातून म्हणजे एफ-होलमधून आत दिसेल ते. फोन आत जात नसेल तर एंडोस्कोप कॅमेरा आणा, मोबाइलला जोडायचा, स्वस्तात मिळतो आणि या कामात सोन्यासारखा उपयोगी पडतो.

फ्रामुसचं वर्ष काढणं त्यातल्या त्यात सोपं आहे, सीरियल नंबरसोबत दोन आकडे आणि एक अक्षर असा वेगळा शिक्का असतो, आकडे म्हणजे वर्ष आणि अक्षर म्हणजे महिना, ए म्हणजे जानेवारी असं पुढे एलपर्यंत. हॉफनरला असं सरळ गणित नाही, तिथे पिकअप, हेडस्टॉकची नक्षी, लोगो, टेलपीस असं सगळं एकत्र बघून अंदाज बांधायचा. ढोबळ सांगायचं तर ५० च्या दशकाच्या मध्यात काळा पट्टीवाला पिकअप, १९६० च्या आसपास टोस्टर म्हणतात तो आणि मग चौकोनी हिऱ्यात लोगो असलेला, ६० च्या मध्यात स्टेपल, आणि १९६७ च्या पुढे ब्लेड. पण जुना स्टॉक संपेपर्यंत वापरायची पद्धत होती, त्यामुळे एका पिकअपवरून वर्ष छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

हॉफनरची अजून एक गंमत म्हणजे एकाच गिटारला दोन नावं. जर्मनीत नुसते नंबर, ४५६, ४५७ असे, आणि इंग्लंडमध्ये सेल्मर कंपनी विकायची तेव्हा प्रेसिडेंट, सेनेटर, कमिटी, व्हेरिथिन, क्लब ४० अशी नावं. शोधताना जर्मन साइटवर नंबर टाका आणि इंग्लिश साइटवर नाव. व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ बास मात्र सगळीकडे त्याच नंबरने ओळखतात. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतला तो हाच, १९७२ मध्ये चोरीला गेला आणि परत मिळाल्याची बातमी २०२४ मध्ये आली. या बासचे पार्ट बाकी सगळ्यांपेक्षा महाग असतात हे धरूनच चाला, पहिलं प्रोजेक्ट म्हणून तो घेऊ नका.

पायरी २: नेक बघा, बाकी सगळं नंतर

पिकअप मेलेला असेल, नॉब नसतील, प्लास्टिक तुटलं असेल तरी चालतं. नेक खराब असेल तर खर्च गिटारच्या किमतीच्या पुढे जातो. तार पहिल्या फ्रेटवर म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असेल तर छान. फार जास्त असेल तर नेक पुढे वाकलाय. १९६० च्या आधीच्या बऱ्याच हॉफनरमध्ये नेक सरळ करायची आतली, फिरवता येणारी दांडी म्हणजे ट्रस रॉड नसतोच, त्यामुळे "नंतर ऍडजस्ट करू" हा पर्याय तिथे नाही. फ्रामुसचे नेक पातळ पातळ लाकडी थर चिकटवून केलेले असतात, कडेने बघितलं की रेघा दिसतात, ते वर्षानुवर्षं सरळ राहतात आणि म्हणूनच नवीन माणसाला मी पहिली गिटार फ्रामुस सुचवतो.

मग नेकचा कोन. ब्रिज पूर्ण खाली घेतलाय आणि तरी बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची ३ मिलिमीटरच्या वर आहे, तर नेकचा सांधा वर आलाय असं समजा. सांध्यावर नखाने हळूच चाचपा, चीर लागते का, तारा ताणल्यावर ती उघडते का. हे सांधे सरसाने चिकटवलेले असतात, सरस वाफेने सुटतो आणि पुन्हा लावता येतो, म्हणजे दुरुस्ती शक्य आहे, पण नवख्याने घरी करू नये. त्यासाठी जर्मनीत त्सुप्फइन्स्ट्रुमेंटेनमाखर हा रीतसर शिकलेला कारागीर असतो, त्याच्याकडे न्या आणि आधी अंदाजपत्रक घ्या. कोणी एपॉक्सी किंवा फेव्हिक्विकसारखं काही ओतून सांधा बंद केला असेल तर मात्र गिटार सोडून द्या, ते काढताना लाकूड फाटतं.

घेताना विक्रेत्याला अजून एक विचारा, ही गिटार कुठे ठेवलेली होती. माळ्यावर असेल तर उन्हाळ्यात तापलेली आणि हिवाळ्यात गारठलेली, चिरा शोधा. तळघरात असेल तर ओल, आतून वास घ्या.

पायरी ३: सफाई, आणि सेल्युलॉइडची भानगड

यांची पॉलिश बहुतेक नायट्रोसेल्युलोजची असते. तिच्यावर स्पिरिट, ऍसिटोन, थिनर, सॅनिटायझर, काहीही अल्कोहोलवालं लावायचं नाही, पॉलिश विरघळते. जर्मनीत औषधाच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात वाशबेन्झिन मिळतं, लायटरमध्ये भरतात तसलं, त्याने सिगारेटचा पिवळा थर आणि चिकट मळ निघतो. आधी टेलपीसच्या खाली न दिसणाऱ्या जागी चिमूटभर जागेवर करून बघा, खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. कार पॉलिश वगैरे लावून चकाचक करू नका. बारीक बारीक तडे गेलेली जुनी पॉलिश हीच त्या गिटारची खरी त्वचा आहे आणि एकदा घासली की गेली.

आता पिकगार्ड, म्हणजे बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली प्लास्टिकची पट्टी. या काळातला पिकगार्ड आणि कडेची पट्टी बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते आणि सेल्युलॉइड म्हातारं होतं तसं आतून कुजतं. ओळखायचं कसं, तर तो वाकडा होतो, आकसतो, काठ भुसभुशीत होतात, केस उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबट वास येतो, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे त्याच्या आसपासचं धातूचं सामान, पिकअपचं कव्हर, स्क्रू, टेलपीसची टोकं, हिरवट पडून गंजायला लागतात. सेल्युलॉइडमधून जी वाफ निघते ती ऍसिडसारखी असते, बंद केसमध्ये ती कोंडते आणि सगळं खाते. असा पिकगार्ड दिसला की त्याच दिवशी काढा. कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढून घ्या, स्क्रूची भोकं मार्क करा, जाडी मोजा, फोटो काढा, आणि मग कागदात गुंडाळून गिटारपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, माझ्या पिशवीच्या नियमाला हा एकच अपवाद. आणि सेल्युलॉइड भयंकर पेटतं, त्याच्या जवळ सोल्डरिंग आयर्न, हीट गन, काहीही आणायचं नाही. नवीन पिकगार्ड त्या कागदी नमुन्यावरून करून घेता येतो, जुना डब्याबाहेर पण तुमच्याकडेच राहू दे.

पायरी ४: वायरिंग

सगळ्यात जास्त वाट इथे लागते कारण लोक आवाज आला नाही की पूर्ण हार्नेस म्हणजे आतली सगळी वायरिंग कापून नवीन बसवतात. गरज नसते. दहातल्या बहुतेक केसेसमध्ये धूळ, काळवंडलेले कॉन्टॅक्ट किंवा सुटलेली ग्राउंडची वायर एवढंच असतं.

आधी मल्टीमीटर. केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण, एका वेळी एकच पिकअप चालू, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा. साधारण ५ ते १० किलोओमच्या आसपास आकडा आला की पिकअप जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर पिकअप मेला असं लगेच समजू नका, स्विच आणि पॉट म्हणजे नॉबखालचे व्हॉल्यूम-टोनचे कंट्रोल पाच-पन्नास वेळा फिरवून परत बघा, मग थेट पिकअपच्या वायरवर मोजा. तिथेही काही नाही तर भिंगाखाली कॉइलची सुरुवातीची आणि शेवटची बारीक तार कुठे जोडली आहे तिथे बघा, ती तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास असते, केसापेक्षा बारीक, आणि बहुतेक वेळा जोडापाशीच तुटलेली असते. ते जोडता येतं. खरोखर आतून तुटली असेल तर रिवाइंड करणाऱ्याला द्या पण त्याला आधीच सांगा की मॅग्नेट, बॉबिन, कव्हर सगळं तेच राहू दे आणि जुनी तार किती वळसे होती ते मोजून लिही.

पॉट आणि सरकते स्विच यासाठी जर्मनीत कोन्टाक्ट ६० नावाचा स्प्रे सगळे वापरतात, चांगला आहे, पण तो तसाच सोडायचा नसतो, नंतर त्याच कंपनीच्या कोन्टाक्ट डब्ल्यूएलने धुऊन काढायचा नाहीतर तो आत बसून खात राहतो. थेट बॉडीवर मारू नका, नळी लावून थेंबभर.

हॉफनरवर कंट्रोल एका चौकोनी प्लेटवर असतात, चार स्क्रू काढले की सगळं बाहेर, सोपं काम. पण ज्या आर्चटॉपमध्ये म्हणजे फुगीर पृष्ठाच्या पोकळ गिटारमध्ये प्लेट नाही तिथे पॉट, स्विच, जॅक सगळं एफ-होलमधून काढावं आणि परत घालावं लागतं, आणि इथे नवीन माणूस रडकुंडीला येतो. पद्धत सांगतो. नट सोडवायच्या आधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला जाड दोरा घट्ट बांधा, प्रत्येकाला वेगळा रंग, आणि कुठला रंग कुठल्या भोकाचा ते लिहून ठेवा. जॅकच्या तोंडात दोरा जाड गाठ मारून अडकवा. मग नट सोडवून पॉट हळूच आत ढकला, एफ-होलमधून बाहेर घ्या, आणि दोरा भोकातच राहू दे, त्याचं वरचं टोक बॉडीवर कागदी टेपने चिकटवा. काम झालं की पायजम्यात नाडी ओवतो तसं, दोरा ओढत ओढत एकेक पॉट आपापल्या भोकात परत येतो. ओढताना दुसऱ्या हाताने एफ-होलमधून वायरला आधार द्या, एफ-होलची टोकं फार नाजूक असतात, तिथे वायर अडकून लाकडाची ढलपी उडते. त्या टोकांना आधीच कागदी टेप लावून ठेवलेली बरी, पण टेप नायट्रोवर रात्रभर ठेवायची नाही.

आणि बाहेर असताना सगळं सर्किट पुठ्ठ्यावर बसवा. खऱ्या भोकांच्या अंतराने पुठ्ठ्याला भोकं पाडायची, पॉट त्यात बसवायचे आणि तिथेच सोल्डर करायचं, म्हणजे वायरची लांबी बरोबर येते. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की हात धुवा.

पॉट बदलायचीच वेळ आली तर लक्षात ठेवा, जर्मन पॉटचा दांडा ६ मिलिमीटरचा, अमेरिकन ६.३५ चा. अमेरिकन पॉट आणला की जुना नॉब बसत नाही, मग लोक नॉबला ड्रिल मारतात आणि एक ओरिजिनल पार्ट कायमचा जातो. ६ मिलिमीटरचा गोल दांड्याचा पॉटच मागवा.

मुझिमाची गोष्ट इथे येते. पूर्व जर्मन गिटारवर, आणि पश्चिमेच्याही काही जुन्या गिटारवर, आपला नेहमीचा मोठा जॅक नसतो, डिन सॉकेट असतं, गोल, आत तीन किंवा पाच पिना. लोक पहिलं काम काय करतात तर भोक मोठं करून जॅक बसवतात. करू नका. डिन प्लग आणि साधा गिटारचा प्लग अशी केबल स्वतः बनवा, मधली पिन ग्राउंड असते, सिग्नल कुठल्या पिनवर आहे ते मल्टीमीटरने शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि गिटार जशीच्या तशी राहते.

पायरी ५: पार्ट शोधणं

याला महिने लागतात आणि लागू द्यावेत. मला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आधी मापं. व्हर्नियर कॅलिपर घ्या, डिजिटल स्वस्तातला चालेल, आणि सगळं मिलिमीटरमध्ये. ट्यूनरसाठी एका खुंटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर, खुंटीची जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, पट्टीची लांबी-रुंदी, आणि वर्म म्हणजे ती आडवी मळसूत्री दांडी दातेरी चाकाच्या वर आहे की खाली. शेवटची गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात, मग पार्ट बसतो पण उलटा फिरतो. पिकअपसाठी बाहेरची लांबी-रुंदी, उंची, कानांच्या भोकांमधलं अंतर, तारांमधलं अंतर. टेलपीससाठी लांबी आणि खालच्या स्क्रूंची जागा. हे सगळं एका कागदावर, शेजारी स्केल ठेवून काढलेला फोटो, आणि तो फोटो फोनमध्ये कायम.

जर्मन साइटवर इंग्लिश शब्दांनी शोधाल तर तोच माल सापडेल जो सगळ्या जगाला सापडतो. जर्मन शब्द वापरा. आर्चटॉपला श्लागगिटार म्हणतात, पिकअपला टोनअबनेमर, टेलपीस म्हणजे जायटनहाल्टर, ब्रिज म्हणजे श्टेग, ट्यूनर मेखानिकेन, पिकगार्ड श्लागब्रेट. याच्यासोबत बास्टलर टाकून बघा, म्हणजे खटपट करणाऱ्यांसाठी, बिघडलेला माल, आणि कोन्व्होलुट म्हणजे एकत्र गठ्ठा. कारागिराच्या घरच्या लोकांनी खोकं विकायला काढलेलं असतं, त्यात ब्रिज, खुंट्या, बटणं सगळं मिसळलेलं, आणि ब्रँडचं नाव नसल्याने भाव कमी. असे सर्च सेव्ह करून ठेवा, नोटिफिकेशन येतं. क्लाइनअन्त्साइगनवर खूप जण "फक्त येऊन घेऊन जा" लिहितात, तिथे नम्रपणे जर्मनमध्ये दोन ओळी लिहून पार्सलचा खर्च मी देतो म्हटलं की पुष्कळदा मानतात. पैसे मात्र साइटच्या सुरक्षित पेमेंटनेच द्या.

फ्रामुसवाल्यांनी मार्कनॉयकिर्शेनचं फ्रामुस म्युझियम लक्षात ठेवा. जुनी फ्रामुस ७० च्या दशकात बुडाली, मग फ्रेड विल्फर यांचा मुलगा हान्स-पीटर याने १९८२ मध्ये वॉरविक काढली आणि १९९५ मध्ये फ्रामुस हे नावही परत आणलं. त्यांनी जुन्या मॉडेलांचे फोटो आणि कॅटलॉग जपून ठेवलेत, तुमच्या गिटारवर मुळात कुठला नॉब होता हे भांडण तिथे मिटतं. शालर अजूनही चालू आहे, त्यांच्या आजच्या ट्यूनरपैकी काहींची मापं जुन्याशी जुळतात, आधी मोजून बघा.

ओरिजिनल म्हणून विकलेला माल तपासताना समोरून बघू नका, मागून बघा. मागची बाजू, वायरचं कापड की प्लास्टिक, सोल्डरचा रंग, स्क्रूचं डोकं. त्या काळी सरळ खाचेचे स्क्रू जास्त वापरायचे, चकचकीत प्लस खाचेचे स्क्रू दिसले की विचारा. हॉफनरचे आजकालचे आशियात बनलेले बास आणि त्यांचे पिकअप वाईट नाहीत, पण ते जुने म्हणून विकणारे आहेत. बाजूला ओरिजिनलचा फोटो ठेवून अक्षरांची वळणं बघा.

डोनर गिटारबद्दल स्पष्ट मत आहे माझं. नेक तुटलेली, बॉडी फुटलेली, पाण्यात भिजलेली गिटार पार्टसाठी घेणं योग्यच, पार्ट मिळवायचा तो सगळ्यात चांगला मार्ग. पण धडधाकट गिटार विकत घेऊन, तिचे पिकअप आणि टेलपीस काढून वेगवेगळे विकले की जास्त पैसे मिळतात म्हणून ती फोडायची, हे बघवत नाही. अशा विक्रेत्यांकडून मी घेत नाही, तुम्हीही शक्यतो घेऊ नका.

आणि पूर्ण सेट बदलायच्या आधी विचार करा, खरंच बदलायला हवंय का. ट्यूनरची बटणं चुरा झाली तर आख्खे ट्यूनर लागत नाहीत. जुनं बटण पक्कडीने फोडून काढा, नवीन बटण दांड्यावर टेकवा, दांड्याला दुसऱ्या बाजूने सोल्डरिंग आयर्नने किंचित गरम करा आणि बटण सरळ रेषेत दाबा, आतलं प्लास्टिक मऊ होऊन बसतं आणि गार झालं की घट्ट. नवं बटण सेल्युलॉइडचं नाही ना एवढं आधी विचारून घ्या. दातांमध्ये मशीन ऑइलचा एकच थेंब.

पायरी ६: झिरो फ्रेट, ब्रिज आणि सेटअप

या जर्मन गिटारवर बहुतेक वेळा नटाच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या, पुढे लगेच एक जादा फ्रेट असतो, झिरो फ्रेट. नट इथे फक्त तारा आपापल्या जागी धरतो, उंची झिरो फ्रेट ठरवतो. मोकळी तार वाजवल्यावर खरखरते तर लोक नट बदलतात, पण दोष बहुतेक झिरो फ्रेटवर पडलेल्या खाचांचा असतो. तो एकच फ्रेट बदलून घेतला तरी गिटार बोलायला लागते. त्याची उंची बाकी फ्रेटइतकी किंवा केसभर जास्त हवी.

ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने उभा राहतो, म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, आधी ब्रिजच्या पायांच्या कडेने कागदी टेपचे छोटे तुकडे लावून जागा मार्क करा. जागा हरवली असेल तर झिरो फ्रेटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, त्याच्या दुप्पट अंतरावर ब्रिज, मग तिथून किंचित मागे. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर (हार्मोनिक) आणि दाबलेला सूर इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळवा. हॉफनरच्या लाकडी ब्रिजमध्ये फ्रेटच्या तारेचे छोटे तुकडे खाचांमध्ये बसवलेले असतात, ते वेगवेगळ्या खाचेत सरकवून एकेका तारेचा सूर जुळवता येतो. हे तुकडे बारीक असतात आणि तारा सैल केल्या की पडतात, खाली टॉवेल पसरून काम करा.

तारा हलक्या लावा. ट्रस रॉड नसलेल्या नेकवर १३ चा जाड सेट लावू नका, ११ चा फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या तारांचा पुष्कळ झाला. पिरॅमिडच्या तारा बघा, ही कंपनीसुद्धा मूळची शोनबाखची, १८५० पासूनची, आणि युद्धानंतर याच बुबेनरॉयथ भागात आली. लावल्यावर आधी एक सूर खाली ट्यून करून दोन दिवस ठेवा, मग पूर्ण सुरात. पंधरवड्याने नेक आणि ब्रिज परत बघा, लाकूड ताण घ्यायला वेळ लावतं.

भारतात न्यायची असेल तर

फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा असेल तर थांबा, ते लाकूड १९९२ पासून साइटेस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत आहे, देशाबाहेर नेताना परवाना लागतो. बाकीच्या रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. कुठलं लाकूड आहे ते कारागिराकडून लेखी घेऊन ठेवा. प्रवासात तारा दोन सूर सैल करा, ब्रिजखाली मऊ कापड, हेडस्टॉकच्या मागे केसमध्ये कापड भरा म्हणजे आपटली तरी हेडस्टॉक तुटत नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथला पावसाळा या गिटारींना सगळ्यात वाईट. सरस ओल आणि उष्णता दोन्हीने ढिला पडतो, आणि जर्मनीच्या कोरड्या हिवाळ्यात राहिलेलं लाकूड तिथे फुगतं. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेल ठेवा, जेल ओलं झालं की बदला, उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीच ठेवू नका. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा केस उघडून सांधा बघायचा, कडेच्या पट्ट्या सुटल्यात का ते बोट फिरवून बघायचं, आणि कुठे चीर उघडलेली दिसली तर तारा लगेच सैल करून मग कारागीर शोधायचा.